जुन्या मोटारसायकलचा आवाज : कारणे आणि दुरुस्ती



या पानावर आम्ही एरवी बेणे, लागण, खोडवा, पाचट यांविषयीच लिहितो. या वेळी मोटारसायकलच्या सायलेन्सरवर लिहीत आहोत, याचे काहींना नवल वाटेल. त्याचे कारण आधी सांगतो.

२०२३-२४ च्या गाळप हंगामात, जानेवारीतल्या एका पहाटे आम्ही तोडणीच्या फडावर निघालो होतो. गाडी आमचीच, २००६ सालची, तिसऱ्या हाताने घेतलेली हिरो होंडा. तिचा आवाज दिवाळीपासून वाढलेला होता. हंगाम संपला की बघू, असे म्हणून आम्ही ते काम ढकलत होतो. सभासदांना उठता-बसता 'कामे वेळेवर करा' म्हणून सांगणारे आम्ही! पाणंदीच्या वळणावर समोरून भरलेली बैलगाडी आली. आम्ही अंग चोरून बाजूने जाताना गिअर बदलला, तशी गाडी फाटकन वाजली. आतल्या अंगाचा बैल बुजला, जू वाकडे झाले आणि एक चाक चारीत गेले. उसावर बसलेली तोडणीची बाई खाली पडली. मनगट मोडले, सहा आठवडे हात प्लॅस्टरमध्ये. नवरा-बायकोचा एक कोयता ऐन हंगामात अर्ध्यावर आला. दवाखान्याचा खर्च आम्ही केला, पण बुडालेल्या मजुरीची पुरती भरपाई आमच्याने झाली नाही.

त्याच आठवड्यात सायलेन्सर उतरवला. तेव्हा जे शिकलो ते येथे देत आहोत.

प्रथम आवाज का होतो ते पाहू. इंजिनात पेट्रोल जळाल्यावर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो, त्या वेळी आतल्या वायूला अजून पुष्कळ दाब असतो. तो धक्क्याने बाहेर पडतो, तोच आवाज. चार स्ट्रोकचे इंजिन मिनिटाला ४००० फेरे फिरत असेल तर असे २००० धक्के बसतात. राजदूत किंवा येझदीसारख्या दोन स्ट्रोकच्या गाडीला तितक्याच फेऱ्यांत ४०००. आपण विहिरीच्या मोटारीचे पाणी थेट पाटात सोडत नाही. आधी हौदात पाडतो, तिथे त्याचा जोर मोडतो आणि मग ते पाटाने संथ चालते. सायलेन्सर हा वायूचा हौद आहे. आतले कप्पे आणि भोके पाडलेल्या नळ्या, ज्यांना मिस्त्री लोक जाळी म्हणतात, हा जोर टप्प्याटप्प्याने मोडतात. हौदाला चीर गेली किंवा कोणी हौदच काढून टाकला, तर पाट फुटणारच.

'आवाज मोठा म्हणजे गाडीला ताकद' असा एक समज आपल्या भागात आहे. तरुण पोरे बुलेटला इंदोरी नाहीतर पंजाबी सायलेन्सर बसवतात ते त्यातूनच. आम्हालाही तालुक्याच्या गावातल्या एका मिस्त्रीने 'साहेब, जाळी काढून टाकू, गाडी मोकळी पळंल' असे सुचवले होते. गाडी मोकळी पळत नाही. कार्बोरेटरची जेट मूळ सायलेन्सर धरून ठरवलेली असते. जाळी काढली की मिश्रणात हवा जास्त होऊ शकते, इंजिन तापते आणि उतारावर मूठ सोडली की फटाके वाजतात. शिवाय जाळी नसलेल्या नळीतून पेटत्या काजळीचे कण बाहेर पडू शकतात. वाळल्या पाचटाच्या बांधावर त्याचा अर्थ काय, ते ऊसवाल्याला सांगायला नको.

आता दोष कसा शोधावा. नवा सायलेन्सर विकत घेण्याची घाई करू नका, कारण निम्म्या वेळा दोष सायलेन्सरात नसतोच. गाडी पूर्ण थंड असताना, उघड्या अंगणात चालू करा. बंद शेडमध्ये हे काम कधीही करू नये. एक्झॉस्टच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू विषारी असतो आणि त्याला वास नसतो. दुसऱ्या माणसाला हातात चामडी मोजे घालून, ओल्या गोणपाटाची जाड घडी सायलेन्सरच्या शेपटाशी पाच-सहा सेकंद दाबून धरायला सांगा. नळी कुठेही फुटलेली नसेल तर इंजिन गुदमरून बंद पडू लागेल. ते तसेच चालत राहिले तर वायू दुसरीकडून निघतो आहे. मग कान लावून ऐका. फस्स असा आवाज जिथून येतो तिथे बहुधा काजळीचा काळा डागही दिसतो.

ठिकाणे तीन-चारच असतात. पहिले आणि नेहमीचे म्हणजे इंजिनच्या हेडला नळी जिथे बसते तो जोड. याचा आवाज टकटक असा येतो, गाडी थंड असताना जास्त आणि तापल्यावर थोडा कमी. टॅपेट वाजते समजून लोक टॅपेट आवळत बसतात! दुसरे, बेंड पाइप आणि सायलेन्सर वेगळे असतील तिथली क्लॅम्प. तिसरे, सायलेन्सरचे पोट. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ होते. घर ते फड, फड ते गट ऑफिस अशा छोट्या फेऱ्यांत नळी पुरती तापत नाही, ते पाणी तळाशी साचते आणि पत्रा आतून गंजतो. वरून रंग छान दिसतो आणि खाली टोचणी घातली की आरपार जाते. राहता राहिली जाळी. लाकडी ठोकळ्याने सायलेन्सरवर हलके ठोकून पाहा. आत खुळखुळले तर जाळी सुटली आहे. शेपटातून बॅटरीने पाहिल्यावर सरळ पोकळ नळी दिसली तर आधीच्या मालकाने ती काढलेली असू शकते.

हेडचा जोड उघडताना घाई नडते. आपल्याकडच्या शंभर सीसीच्या गाड्यांना हेड ॲल्युमिनियमचे आणि त्यात पोलादी स्टड. नट गंजून बसलेला असतो. जोर लावला तर स्टडच मोडतो आणि मग हेड उतरवून लेथवर न्यायची पाळी येते. तेव्हा आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल टाका, सकाळी पुन्हा टाका. नट थोडा सोडा, थोडा परत आवळा, असे करत बाहेर काढा. येझदी-जावाला याच जागी मोठी आट्यांची कडी असते. ती छन्नी-हातोड्याने फिरवू नये, हुक पाना मिळवावा.

नळी उतरली की पोर्टमध्ये नीट पाहा. जुने गॅस्केट तिथे इतके दबून बसलेले असते की ते हेडचाच भाग वाटते. आमच्या गाडीत नेमके हेच झाले होते. कोणीतरी जुन्या गॅस्केटवरच नवे बसवलेले, त्यामुळे नळी तिरपी बसून वायू निघत होता. जुने गॅस्केट ॲल्युमिनियमला ओरखडा न पडेल असे कोरून काढावे. नवी कडी चहा-नाश्त्याच्या पैशांत येते. जुनी परत वापरू नये.

बसवताना क्रम पाळावा. सर्व नट-बोल्ट आधी बोटाने लावून घ्यावेत. मग हेडचे दोन नट आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत, नंतर क्लॅम्प आणि सर्वांत शेवटी मागचा बोल्ट. मागचा बोल्ट आधी आवळला तर नळी ताणलेली राहते आणि जोड पुन्हा सुटतो, नाहीतर पत्रा तडकतो.

पोटाला बारीक भोक असेल तर पत्रा चकचकीत होईपर्यंत घासून उष्णता सोसणारी पुट्टी लावता येते, पण तो तात्पुरता इलाज. भोक मोठे असेल तर आजूबाजूचा कुजलेला पत्रा कापून नवा तुकडा जोडावा. आर्क वेल्डिंगने पातळ पत्र्याला आणखी भोके पडतात. गॅस किंवा सीओटू वेल्डिंग करणारा गाठावा. वेल्डिंगसाठी सायलेन्सर गाडीवरून उतरवूनच न्यावा, पेट्रोलच्या टाकीखाली ठिणगी नको. कुठेही बोट लावले की चुरा होत असेल तर वेल्डिंगचे पैसे वाया घालवू नका, कंपनीचा किंवा तसाच जाळी असलेला सायलेन्सर घ्या.

दोन स्ट्रोकवाल्यांना एक वेगळी सूचना. या गाड्यांत पेट्रोलबरोबर ऑइल जळते, त्यामुळे जाळी काजळीने तुंबते आणि गाडी ओढत नाही. मग लोक जाळी फेकून देतात. फेकू नये, साफ करावी. वेल्डिंग करायचे असल्यास आधी आतला तेलकट राळ पूर्ण काढावा, तो पेटतो. काहीजण कॉस्टिक सोड्यात भिजवतात. तसे केल्यास डोळे आणि हात जपावेत आणि ॲल्युमिनियमचा भाग त्यात मुळीच बुडवू नये.

२०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. त्यांना हे घरगुती उपाय लावू नयेत.

कायद्याचे थोडक्यात : १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२० वा नियम प्रत्येक वाहनाला, ट्रॅक्टरसुद्धा, सायलेन्सर सक्तीचा करतो. आवाजाची मर्यादा मोडल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ट्रॅक्टरमालकांनीही आपापल्या धुराड्याकडे एकदा पाहावे, बैल त्यालाही बुजतात.

काम झाल्यावर गाडी वीस-पंचवीस मिनिटे चालवा, पूर्ण थंड होऊ द्या आणि हेडचे नट पुन्हा एकदा बघा. नवी कडी दबल्यामुळे ते थोडे सैल झालेले सापडतात. तोवर फडावर गेलात तर गाडी उघड्या मातीवर लावा, पाचटावर नको.