काळ-कामाची उदाहरणे : दिवस नव्हे, रोजचे काम मिळवा

शिष्यवृत्तीच्या एका पेपरात 75 प्रश्न आणि वेळ 90 मिनिटे. म्हणजे एका प्रश्नाला 72 सेकंद. त्यात काळ-कामाचे उदाहरण आले की बरीच पोरे पेन चावत बसतात. अपूर्णांकाची भीती! मी तर सुरुवातीला अपूर्णांक घेतच नाही. कसे ते पाहा.

एका वावराचे निंदण आई एकटी 6 दिवसांत करते, शेजारची काकू एकटी 12 दिवसांत. दोघी मिळून किती दिवस? कोणी बेरीज करून 18 सांगतो, कोणी सरासरी काढून 9. अरे, आई एकटीच सहा दिवसांत संपवते, मग काकू मदतीला आल्यावर काम वाढले की काय? उत्तर 6 पेक्षा कमीच येणार. मोठे पर्याय आधीच खोडा.

आता 6 आणि 12 यांचा लसावि 12. वावराचे 12 सारखे पट्टे समजा. आई रोज 2 पट्टे निंदते, काकू 1. मिळून 3. म्हणून 12 ÷ 3 = 4 दिवस. झाले!

परीक्षेत याच्या पुढचेही विचारतात. काकूचे गुडघे दुखू लागले, ती 2 दिवसांनी थांबली. तोवर 6 पट्टे झाले. उरलेले 6 आई 3 दिवसांत करील. एकूण 5 दिवस. गुत्ता 2100 रुपयांचा असेल तर एका पट्ट्याचे 175. आईचे 10 पट्टे म्हणून 1750, काकूचे 350. पण रोजाप्रमाणे वाटले तर आईचे 5 रोज आणि काकूचे 2, एका रोजाचे 300. मग आईला 1500, काकूला 600. पेपरात पहिले उत्तर लिहावे लागते. माझ्या मते गावात दुसरी वाटणीच शोभते, कारण उन्हात काकूही तेवढाच वेळ होती. पालकांनो, तुम्हाला काय वाटते?

असे हिशेब आपल्या जिल्ह्याला नवे नाहीत. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद झाली. हाताच्या कामातून शिक्षण द्यायचे, असे तिथे ठरले. सूतकताईत 160 तारांची एक लटी आणि 4 लट्यांची एक गुंडी, म्हणजे 640 तार. समजा एक मुलगी तासाला 160 तार कातते, दुसरी 80. दोघींचे मिळून 240. एक गुंडी 2 तास 40 मिनिटांत होईल. अपूर्णांक आला, पण शेवटी आणि घाबरवणारा नाही.

मात्र सगळीकडे ही रीत चालवू नका. एका हातपंपावर एक हंडा 3 मिनिटांत भरतो. दहा बाया उभ्या राहिल्या म्हणून तो 18 सेकंदांत भरत नाही. दांडा एकच ना! माणसे वाढली तरी साधन वाढले का, हे बघावे.

आता एक तुमच्यासाठी. रिकामी टाकी नळाने 4 तासांत भरते. गळतीमुळे भरलेली टाकी 12 तासांत रिकामी होते. नळही सुरू आणि गळतीही सुरू, तर टाकी किती तासांत भरेल? इथे उत्तर 4 पेक्षा जास्त का येते, तेही लिहा. कागद फळ्याखालच्या पेटीत टाका. आईबाबांनी टाकला तरी चालेल.