फोडणी गच्चीवर

देवास,
रविवार, दुपार

चि. चिऊस,


काल फोनवर बोलता बोलता "आत्या, थांब हं" म्हणून पळालीस. मग पाच मिनिटं मला नळाचा आवाज आणि जावईबापूंचं "हळू, हळू" एवढंच ऐकू येत होतं. परत आलीस ती रडतच. ते रडणं उलट्यांचं नव्हतं, एवढं मला कळतं. "तो सगळं करतो गं, आणि मी त्याच्यावरच खेकसते. त्याच्या अंगाचा वाससुद्धा मला सोसत नाही. कसं फेडू मी हे सगळं?" तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. शिवाय फोनवर मी उपदेश करायला लागले की तू नुसतं हं-हं करतेस. पत्र उशाखाली राहतं. मळमळ जरा बसली की चार ओळी वाच, पुन्हा ठेव.

पहिलं म्हणजे ते 'फेडणं' डोक्यातून काढ. बाळ दोघांचं. ते वाढवायचं काम तुझ्या अंगावर आलं, बाकीच्या घराचं त्याने उचललं. यात सावकार कुणीच नाही. पण फेडायचं नाही म्हणून बोलायचंही नाही, असं करू नकोस. मी तेच केलं होतं, आणि ते अजून टोचतं.

तुझ्या आतेदादाच्या वेळची गोष्ट. 1990 च्या आसपासचे दिवस, देवासला पाण्याची अशी दैना की गावासाठी रेल्वेच्या टाक्यांतून पाणी आणावं लागे. आजच्या पोरांना सांगितलं तर खोटं वाटतं. आणि मला दिवस गेलेले, डोहाळे असे कडक की पाण्याचा घोटसुद्धा पोटात ठरेना. उलटीचं घमेलं धुवायला पाणी लागतं, चिऊ. तोंड धुवायला लागतं, चादर धुवायला लागतं. तुझे आतोबा रात्री सायकलला दोन कॅन लावून टँकरच्या रांगेत उभे राहायचे, आणि त्यातलं पहिलं पाणी माझ्या घमेल्याला. सासूबाईंना ते आवडत नव्हतं, पण त्या कधी काही बोलल्या नाहीत.

बोलली ती गल्ली. एकदा हे ओसरीत बसून घमेलं घासत होते. समोरच्या दोघातिघांनी हाक मारली, "क्यों भिया, जोरू के गुलाम!" सगळे हसले. दारात उभी असलेली मीही हसले. का हसले ते आजही नीट सांगता येणार नाही. लाज वाटली असावी, किंवा मीही त्यांच्यातलीच आहे, नवऱ्याला राबवणारी नाही, हे दाखवायचं असावं. दुसऱ्या दिवसापासून घमेलं ओसरीत दिसलं नाही. ते पहाटे चारला, गल्ली उठायच्या आत, मागच्या दाराशी धुतलं जाऊ लागलं. मला वाटलं, यांची सोय असेल.

एक शब्द त्यांच्या बाजूने बोलायला माझं काय जात होतं? म्हणून तुला सांगते, आभार चार भिंतींत मान, पण बाजू चारचौघांत घे. तुझ्या सासूबाई म्हणतील, "आमच्या वेळी आम्ही सातव्या महिन्यापर्यंत पाणी भरलं." भरलं असेल, त्यांचा मान ठेव. पण मुलगा स्वयंपाकघरात शिरला म्हणून त्यांनी नाक मुरडलं, तर तू खाली बघून हसू नकोस. "आई, यांच्या हातची खिचडी तेवढी पोटात राहते," एवढं म्हण. खरंच आहे ते.

आता या उलट्यांना लोक लावतात त्या 'नखरे' या शब्दाबद्दल. माझ्या वेळच्या एका डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, "मनातून काढा, थांबेल." मी मन घासूनपुसून काढलं, उलट्या काही थांबल्या नाहीत. 2023 च्या डिसेंबरात 'नेचर' या नियतकालिकात एक संशोधन आलं, तुझ्या आतेदादाने मला ते समजावून सांगितलं. बाळ आणि वार मिळून जीडीएफ-15 नावाचं एक संप्रेरक तयार करतात. ते आईच्या रक्तात वाढतं, मेंदूपर्यंत पोचतं आणि मळमळ उठवतं. जिच्या अंगात ते आधीपासून कमी असतं तिला त्याची सवय नसते, म्हणून तिला ते जास्त बाधतं. त्या संशोधकांपैकी मार्लीना फेझो यांनी स्वतः हे दुखणं भोगलेलं आहे. तेव्हा तुझं मन कमकुवत नाही आणि तुझा स्वभावही बिघडलेला नाही. संप्रेरक बाळाच्या बाजूचं, आणि बाळात निम्मे जावईबापू. निम्मा दोष त्यांच्या खात्यावर मांडायला हरकत नाही! हे त्यांना वाचून दाखव, हसतील.

वासाचंही तेच. त्याच्या अंगाचा वास सोसत नाही याचा अर्थ तो नकोसा झालाय असा नाही, पण त्याला तसं वाटू शकतं. एकदा सांगून टाक, "तू नको असं नाही, तो साबण नको." साबण बदलता येतो. सांगितलंच नाहीस तर तो बिचारा पलंगाच्या कडेला अंग चोरून झोपेल आणि सकाळी दोघंही रुसलेले असाल.

गेल्या खेपेला मी आले होते तेव्हा तुझ्या घरात काय काय पाहिलं ते सांगते. तू आडवी असतेस, तुला सगळं दिसत नसेल. फोडणीच्या वासाने तुला ढवळतं म्हणून शेगडी गच्चीवर गेली आहे. खाली तू उशीत तोंड खुपसून, आणि वर हे महाशय छत्री धरून जिरं-मोहरी तडतडवतायत. फ्रीजवर एक कागद आहे. त्यावर किती वाजता काय खाल्लं, काय टिकलं, लघवी किती वेळा झाली, वजन किती, सगळं वेड्यावाकड्या अक्षरात. शेजारणीने दिलेलं लोणचं वासामुळे बाहेर, पण बरणी फेकलेली नाही, पुढे तुला हवी झाली तर. आणि त्याने दिवसपाळी सोडून मित्राची रात्रपाळी घेतली आहे, कारण तुझ्या उलट्यांचा जोर सकाळी असतो. पीथमपूरला रात्रभर मशिनीपुढे उभं राहायचं आणि सकाळी येऊन तुझ्या पाठीवर हात ठेवायचा. केंद्र सरकारच्या नोकराला बाप होताना 15 दिवसांची रजा मिळते, तीही बाळंतपणाच्या आगेमागे. खासगी कारखान्यात तेवढीही देण्याचं बंधन कायद्यात नाही. आणि तिसऱ्या महिन्यातल्या उलट्यांसाठी तर कुणालाच काही नाही. म्हणजे त्याने जे दिलं ते स्वतःच्या झोपेतून कापून दिलं.

आता हे त्याला सांगायचं कसं? "तू किती चांगला आहेस" याने पुरुषाचं काही होत नाही, तो "बस का" म्हणतो आणि मोबाइल बघायला लागतो. नेमकं सांग. "तू शेगडी वर नेलीस ते मला कळलं." "त्या कागदामुळे काल डॉक्टरीणबाईंना सगळं पटकन सांगता आलं." त्याने केलेली गोष्ट तुला दिसली, एवढंच त्याला कळू दे. आणि त्याची खिचडी पातळ झाली किंवा त्याने टॉवेल उलटा वाळत घातला तर हात लावू नकोस. आम्हा बायकांना मदत हवी असते, पण ती आमच्या पद्धतीने हवी असते. मी तर आतोबांनी वाळत घातलेले कपडे पुन्हा काढून झटकून घालत असे. त्यांनी ते काम हळूच सोडलं, मग मीच वर्षभर कुरकुरले.

काय हवं तेही तोंडाने सांग. कालिदास आपल्या शेजारच्या उज्जयिनीचा, निदान आपण माळवेवाले तसं मानतो. त्याच्या रघुवंशात, तिसऱ्या सर्गात, राणी सुदक्षिणा गरोदर आहे आणि लाजून काही मागत नाही. म्हणून राजा दिलीप तिच्या सख्यांना पुन्हा पुन्हा विचारतो, हिला काय हवंसं वाटतं? राजाला विचारायला सख्या होत्या. जावईबापू कुणाला विचारणार, मला? चार वेळा विचारून झालंय.

राजाराणीवरून आठवलं, तुमच्या गच्चीवरून दिसणाऱ्या त्या किल्ल्याची गोष्ट तुला माहीत असेलच. राघोबादादा माळव्यातून निघून गेले आणि दिवस भरत आलेल्या आनंदीबाई धारच्या किल्ल्यात पवारांच्या आसऱ्याला राहिल्या. तिथेच 1775 च्या जानेवारीत दुसरे बाजीराव जन्मले. राघोबांच्या फौजेच्या वाटा पुस्तकांत सापडतात. आनंदीबाईंच्या उशाशी कोण बसत होतं, तस्त कोण धरत होतं, ते सापडत नाही. आणि 1807 मध्ये धारचे राजे आनंदराव पवार वारले तेव्हा त्यांच्या राणी मैनाबाईही गरोदरच होत्या. मुलगा नंतर झाला, आणि त्या बाईने एकटीने राज्यही सांभाळलं. तुला घाबरवायला सांगत नाही. तुझ्या गावात पोटुशा बायकांनी काय काय सोसलंय ते आठवलं, एवढंच.

माझ्या गावची गोष्ट मात्र मला रोज आठवते, कारण टेकडीकडे फिरायला गेले की कुमार गंधर्वांचं 'भानुकुल' हे घर वाटेत लागतं. कुमार गंधर्व 1948 च्या जानेवारीत देवासला आले ते क्षयाने खंगलेले. हवा कोरडी म्हणून आले. डॉक्टरांनी गाणं बंद केलेलं, वय तेविशीचं, आणि वर्षंच्या वर्षं पलंगावर. त्यांच्या पत्नी भानुमतीबाई स्वतः गाणाऱ्या, लग्नाला जेमतेम वर्ष होत होतं. त्यांनी इथे शाळेत नोकरी धरली आणि घर, आजारी माणूस, पथ्यपाणी सगळं ओढलं. पुढे स्ट्रेप्टोमायसिन आलं, कुमारजी बरे झाले आणि 1953 पासून पुन्हा गाऊ लागले. पलंगावरून ऐकलेली माळव्यातल्या बायकांची गाणी त्यांच्या गाण्यात उतरली. पुढची गोष्ट आत्ता नको. मला त्यात दिसतो तो पलंगावरचा माणूस. ज्याला उठवत नाही, ज्याच्यासाठी दुसरं कुणी झिजतंय, त्याच्याजवळ द्यायला फक्त डोळे आणि कान असतात. तुझ्याकडेही सध्या तेवढंच आहे, आणि तेवढं पुरतं.

तेव्हा त्याला कधी तरी विचार, "तू कसा आहेस?" अख्खं धार त्याला तुझी तब्येत विचारतं, त्याची कुणी विचारत नाही. तो घाबरलेला आहे. माझ्याशी बोलताना त्याचा आवाज कापला होता, त्याला सांगू नकोस मी बोलले म्हणून. रविवारी दोन तास त्याला मुंज तलावावर मित्रांबरोबर पाठव. त्या दोन तासांत तुला उलटी झाली तर होऊ दे.

थोडं डॉक्टरकीचं, कारण प्रेमाने सगळं भागत नाही. बहुतेकींचा त्रास सहाव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होतो, नवव्या-दहाव्यात कळसाला पोचतो, आणि बारा ते सोळा आठवड्यांत उतरायला लागतो. काहींचा विसाव्यापर्यंत रेंगाळतो. तुझा नववा चालू आहे, म्हणजे तू घाटाच्या माथ्यावर आहेस. डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेली गोळी घे. "गरोदरपणात औषध नको" म्हणणाऱ्या शेजारणीला बाळ वाढवायचं नाही, तुला वाढवायचंय. पण दिवसभर पाणीसुद्धा ठरलं नाही, लघवी गडद झाली किंवा सात-आठ तास झालीच नाही, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली, रक्ताचा डाग दिसला, ताप आला किंवा पोटात कळ आली, तर सकाळची वाट बघायची नाही. वजनाचंही तसंच. तू 50 किलोची होतीस, अडीच किलो उतरलं की सलाइन लागू शकतं. कागदावर आत्तापर्यंत दीड किलो दिसतंय. या खुणा जावईबापूंना माझ्या पत्रातून कागदावर उतरवून घेऊ दे, आणि त्या वेळी निघायचं की थांबायचं हा निर्णय त्याचा, तुझा नाही. तू "थोडं थांबू या" म्हणणारी आहेस, मी ओळखते. सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या 9 तारखेला गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, पण ती चौथ्या महिन्यापासून पुढच्यांसाठी. तुझ्या कामवाल्या मावशींच्या सुनेचे दिवस तेवढे झाले असतील तर तिला सांग.

काल तुझा फोन ठेवला आणि समोर पेपर वाचत बसलेल्या आतोबांना मी म्हटलं, "तुम्ही ते घमेलं पहाटे चारला धुवायचा. मला माहीत होतं. त्या दिवशी मी हसायला नको होतं." पस्तीस वर्षांनी. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "अगं, पहाटे रांगेत गर्दी कमी असायची, म्हणून." मग पेपरचं पान उलटलं. थोड्या वेळाने उठून, मी न सांगता, चहा ठेवला. आलं घातलं नव्हतं, मला आवडत नाही म्हणून. हे त्यांच्या कधीपासून लक्षात आहे कुणास ठाऊक. या वेळी मी सांगितलं त्यांना, आल्याचं लक्षात आलं म्हणून.

पुढच्या रविवारी मी सकाळच्या बसने निघते, इंदूरला बदलून घाटाबिल्लोदवरून दहा-साडेदहापर्यंत पोचेन. चोरओटीचं सामान आणते, पण हळदीकुंकवाला फक्त घरातल्या चौघी. मोगऱ्याचा गजरा आणणार नाही, वास. जेवण थंडच करू, दहीभात आणि कोरड्या लाह्या. त्या दिवशीचा तुझ्या उलट्यांचा टब मी धुणार. जावईबापूंना सांग, रात्रपाळीवरून आले की सरळ झोपायचं आणि संध्याकाळपर्यंत उठायचं नाही.

तुझी,
आत्या

ता. क. मांडूची चिंच तुला चोखायला हवीशी वाटते म्हणालीस. कुणी जाणारं मिळालं तर मागवते. ती फोडायला बत्ता लागतो, तुमच्याकडे नसेल तर माझा आणते.