करकरीत नोटेच्या मागे लागू नकोस

चि. सुजय,

तू पाठवलेला पोर्तुगीज गोव्यातल्या 600 एस्कुदोंच्या नोटेचा फोटो पाहिला. विक्रेता 'कोरी करकरीत' म्हणून दुप्पट भाव सांगतोय, म्हणून घाईने लिहितो आहे.

भावाचं नंतर बघू. आधी सांग, सहाशेची नोट कोणी का छापेल? त्याच मालिकेत शंभर आणि हजाराच्या जोडीला 30, 60 आणि 300 आहेत. गोव्यात एस्कुदोच्या आधी रुपिया चाले, एका रुपियाचे सोळा 'टांगा'. 1958 साली पोर्तुगीज सरकारने तिथे एस्कुदो आणला आणि एका रुपियाला सहा एस्कुदो हा दर ठरवला. पाचाच्या जागी तीस आले, शंभराच्या जागी सहाशे. नोटांवर तारीख 2 जानेवारी 1959. गोवा मुक्त झाला 19 डिसेंबर 1961 ला. म्हणजे जेमतेम तीन वर्षांचं चलन! हे कळल्यावर मळकी तीसची नोटसुद्धा तुला स्वस्तात पुष्कळ काही देईल.

कोरेपणाचा सोस मला कधी कळला नाही. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या जुन्या, एकाच बाजूला छापलेल्या नोटा बघ. त्यांवर मुंबई, कलकत्ता, कानपूर, रंगून अशी सर्कलची, म्हणजे चलन-विभागांची, नावं असत आणि नोट हक्काने वटे ती त्या सर्कलमध्येच. दहा, पन्नास, शंभराच्या नोटा देशभर सरसकट चालू लागल्या त्या 1910-11 मध्ये. टपालात चोरी होऊ नये म्हणून व्यापारी मोठी नोट मधोमध कापत, एक अर्धुक आधी पाठवत, ते पोचल्याची खबर आली की दुसरं. पलीकडचा दोन्ही चिकटवी. अशी डिंकाच्या पट्टीची नोट बाजारात 'डागी' म्हणून स्वस्त मिळते. मी तर तीच आधी उचलीन.

करकरीत दिसणाऱ्या कित्येक नोटा धुऊन, इस्त्री करून सजवलेल्या असतात. बॅटरीचा उजेड तिरपा टाकला की मोडलेली घडी दिसते. धुतलेल्या नोटेचे रंग फिके पडतात, छपाईचा उठाव बोटाला लागत नाही. तू स्वतः हे उद्योग करू नकोस. सेलोटेप नको, लॅमिनेशन तर नकोच. मायलरच्या पाकिटात ठेव, पीव्हीसीच्या नाही.

त्या विक्रेत्याला सांग, नोट हातात घेऊन पाहिल्याशिवाय एक पैसा देणार नाही. का-कू करू लागला तर सरळ उठून ये.

तुझा,
अण्णाकाका