रुग्णवाहिका येईपर्यंतची दहा मिनिटे

खेळाडू मैदानावर कोसळल्यापासून रुग्णवाहिका येईपर्यंत कोणी काय करायचे, हे सामन्याआधी ठरवून ठेवणे म्हणजे वैद्यकीय आपत्काळाचे नियोजन. ठाण्यातल्या बाळकुममध्ये त्याची गरज अधिकच. जुन्या आग्रा रोडवर कशेळी-काल्हेरच्या गोदामांकडे जाणारे ट्रक आणि मेट्रो-५ चे काम यांमुळे संध्याकाळी रस्ता तुंबतो आणि टेनिस क्रिकेटचे, टर्फवरचे सामने बहुधा त्याच वेळी रंगात येतात. १०८ ची मोफत रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४ पासून आहे. पण नाक्यावर अडकलेली गाडी आयोजकाच्या हातात नसते.

हृदय बंद पडल्यावर विजेचा झटका मिळायला उशीर झाला, तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. जून २०२४ मध्ये ठाणे जिल्ह्यातच, काशिमीरा येथे षटकार मारलेला फलंदाज पुढच्या चेंडूआधी कोसळला आणि दगावला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये छत्रपती संभाजीनगरच्या गरवारे स्टेडियमवर एका फलंदाजाने छाती आणि हात दुखत असल्याचे पंचांना सांगितले, परवानगी घेतली आणि बाहेर चालत जातानाच तो पडला. दुसऱ्या घटनेतून एक नियम सरळ निघतो. छातीत दुखते म्हणणाऱ्याला एक पाऊलही चालू देऊ नये. जागीच बसवून मदत त्याच्यापर्यंत न्यावी.

कोसळलेला माणूस हाकेला ओ देत नसेल आणि श्वास नीट नसेल, तर हृदय थांबले असे समजून लगेच छाती दाबायला लागावे. फसगत होते ती इथेच. अधूनमधून घोरल्यासारखी येणारी घरघर पाहून ‘श्वास चालू आहे’ म्हणतात, कोणी फिट समजून कांदा किंवा चप्पल हुंगवतो, कोणी तोंडात पाणी घालतो. हे सगळे वेळ खाणारे आणि पाणी तर घातक. छातीच्या मध्यभागी, मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब द्यावा. दाबणारा दर दोन मिनिटांनी बदलावा. हृदयाला विजेचा झटका देणारे एईडी यंत्र आणले की ते स्वतःच बोलून सूचना देते. १२ जून २०२१ ला कोपनहेगनमध्ये फुटबॉल सामन्यात कोसळलेला डेन्मार्कचा क्रिस्टियन एरिक्सन वाचला तो मैदानावरच मिळालेल्या छातीदाबामुळे आणि झटक्यामुळे.

म्हणून कामे नावानिशी वाटावीत: दाब देणारे दोघे, १०८ ला फोन करणारा, एईडी आणणारा आणि नाक्यावर जाऊन गाडीला वाट दाखवणारा. ‘कोणीतरी फोन करा’ म्हटले की कोणीच करत नाही. समालोचकाचा माइक गर्दी हटवायला फार उपयोगी पडतो. टर्फच्या जाळीला असलेल्या चिंचोळ्या दारातून स्ट्रेचर जाते का, मोठ्या फाटकाची किल्ली कोणाकडे आहे, दुचाक्या त्या फाटकासमोरच लागतात का, हे आदल्या दिवशी प्रत्यक्ष पाहावे. किल्लीवाला चहाला गेलेला असतो, हा नेहमीचा अनुभव.

बाकीच्या दुखापतींत घाई नडते. कबड्डीत मान दुखावलेल्याला उचलून बाहेर काढू नये. डोक्याला मार लागून भोवळ आलेला त्या दिवशी पुन्हा खेळत नाही, अंतिम सामना असला तरी. उष्माघातात आधी थंड पाण्याने अंग गार करावे, मग हलवावे. एकाच मैदानावर शेजारी-शेजारी दोन सामने लावू नयेत. जानेवारी २०२४ मध्ये माटुंग्याला दुसऱ्या सामन्यातला चेंडू डोक्याला लागून क्षेत्ररक्षक गेला.

सामना थांबवण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे असावा आणि ती व्यक्ती कोणत्याही संघाची नसावी. नावनोंदणीच्या अर्जात टी-शर्टचा साईज विचारतातच. त्याखाली हृदयविकार, दमा, मधुमेह, चालू औषधे आणि घरच्यांचा फोन नंबर यांसाठी दोन ओळी जरूर ठेवाव्यात.