कुस्तीपूर्वीचा अर्धा तास

शालेय क्रीडास्पर्धा जवळ आल्या की गुरुजींचे सारे लक्ष डाव, दम आणि वजन यांकडे लागते. मैदानात उतरण्यापूर्वीच्या अर्ध्या तासाचा विचार क्वचितच होतो. वास्तविक पुष्कळ मुले हरतात ती तेथेच. एका तालुका स्पर्धेत प्रस्तुत लेखकाने सातवीतील एक मुलगा पाहिला. समोरचा दुरूनच शड्डू ठोकून, ‘घरी जा, आई वाट पाहते आहे’ असे हिणवीत होता. गुरुजी बिचारे ‘तिकडे लक्ष देऊ नकोस’ असे पुनःपुन्हा बजावीत होते आणि दर वेळी मुलगा नेमका तिकडेच पाही. महिनाभर घोटलेला एकेरी पट त्या दिवशी त्याला आठवलाच नाही.

टोमणा हे आमिष असते. त्यामागील हेतू एवढाच की, आपण ठरविलेले सोडून प्रतिपक्षाने रागाने वागावे. थोरामोठ्यांनाही हे चुकलेले नाही. 30 ऑक्टोबर 1974 रोजी किन्शासा येथे मुहम्मद अली व जॉर्ज फोरमन यांची मुष्टियुद्धाची लढत झाली. फोरमन तोवर अजिंक्य होते. वयाने सात वर्षांनी लहान. अलींनी आधीपासूनच त्यांची ‘ममी’ म्हणून थट्टा मांडली होती. लढतीतही दोरांना टेकून, ठोसे अंगावर घेत ते ‘एवढेच का तुझे बळ?’ अशा आशयाचे डिवचीत राहिले. फोरमन आवेशाने ठोसे मारीत गेले, थकले आणि आठव्या फेरीत कोसळले. केवळ जिभेने ही लढत जिंकली असे मानणे भोळेपणाचे होईल. उकाडा आणि अलींचे युद्धकौशल्य हीही कारणे होतीच. परंतु शक्ती अवेळी खर्च व्हावी, ही योजना मात्र साधली. याच फोरमन यांनी 1994 साली, पंचेचाळिसाव्या वर्षी, गुणांत मागे असताही धीर धरून दहाव्या फेरीत विजेतेपद परत मिळविले.

‘लक्ष देऊ नकोस’ या आज्ञेने मुलाचे मन रिकामे राहते आणि रिकाम्या मनात टोमणाच शिरतो. त्यास काम द्यावे. प्रतिस्पर्ध्याकडे पाठ करून बसवावे. श्वास सावकाश घेऊन त्याहून सावकाश सोडावयास सांगावे. पहिला डाव कोणता, पाय कोठे, पकड कशी, हे त्याच्याच शब्दांत वदवून घ्यावे. आखाड्यात नजर समोरच्याच्या तोंडावर नको. कमरेवर व पायांवर असावी. सरावाच्या वेळी सवंगड्यांना मुद्दाम थोडी गलबल करू द्यावी, म्हणजे ती कानांच्या सवयीची होते.

मात्र जात, गरिबी वा शरीरव्यंग यांवरून कोणी बोलल्यास ते मुलाने सोसावे, असे मुळीच नाही. तेथे गुरुजींनी स्वतः पंचांकडे जावे. आपल्याच मुलांना हिणविण्याचे धडे देणारेही काही उत्साही शिक्षक आढळतात. त्यांची मुले समोरच्याने उलट उत्तर दिले की अगोदर बावरतात, असा अनुभव आहे.

नावाचा पुकारा झाल्यावर पाठीवर हात ठेवावा. नवी सूचना तेव्हा एकही देऊ नये.