‘मेल’ : एक शब्द, अनेक अर्थ
(इयत्ता ५ वी ते ७ वी : शब्दज्ञानाच्या पाठासाठी शिक्षकांस उपयुक्त टिपण)

इंग्रजीच्या तासाला फळ्यावर ‘मेल म्हणजे टपाल’ असे लिहिले जाते, मुले ते वहीत पाच वेळा उतरवतात आणि पाठ संपतो. असे पुष्कळ वर्गांत घडते. परंतु भातसानगरच्या वसाहतीतील किंवा आसपासच्या पाड्यांवरील मुलाच्या कानावर हा शब्द फळ्यावर येण्यापूर्वीच पडलेला असतो. आसनगावच्या फलाटावर लोकलची वाट पाहताना ‘आधी मेल जाईल, मग आपली गाडी येईल’ असे वडीलधाऱ्यांचे बोलणे त्याने ऐकलेले असते. अर्ज भरताना ‘मेल की फिमेल’ असे कोणी विचारलेले असते. ‘कागद मेल करा’ हे वाक्य त्याच्या मोठ्या भावाला कचेरीत ऐकावे लागलेले असते. अशा मुलाने हात वर करून विचारले की, “गुरुजी, मेल म्हणजे टपाल, तर मेलगाडीत माणसे कशी बसतात?” तर तो प्रश्न उद्धटपणाचा नव्हे. शब्दाचा विचार करू लागल्याची ती खूण होय. या प्रश्नाला वर्गात काय उत्तर मिळते, यावर पुढचा प्रश्न विचारला जाईल की नाही, हे ठरते.

या प्रश्नाचे महत्त्व केवळ परीक्षेपुरते नाही. शहापूर व मुरबाड तालुक्यांतील अनेक घरांत शाळेत जाणारे मूल हेच घरातील पहिले वाचणारे असते. घरी आलेला कागद तेच वाचते आणि आईवडील त्याच्या शब्दावर विसंबून पुढचे पाऊल टाकतात. समजा, एखाद्या सूचनेत ‘अर्ज मेलने पाठवावा’ असे आहे. मुलाला मेलचा ‘टपाल’ हा एकच अर्थ ठाऊक असेल, तर अर्ज लिफाफ्यात घालून पेटीत पडेल. कचेरी मात्र संगणकावर त्याची वाट पाहत राहील आणि मुदत निघून जाईल. एका शब्दाचा एकच अर्थ पाठ केल्याने होणारे नुकसान असे घरापर्यंत पोहोचते.

शब्दाचा उगम : थैली

टपाल या अर्थाचा ‘मेल’ हा शब्द इंग्रजीत जुन्या फ्रेंच भाषेतून आला. तेथे त्याचा अर्थ थैली किंवा पडशी असा होता. पत्राशी त्याचा काही संबंध नव्हता. पत्रे थैलीत घालून नेली जात, म्हणून ‘पत्रांची मेल’ म्हणजे पत्रांची थैली असे म्हणू लागले. पुढे थैलीचे नाव आतील पत्रांनाच चिकटले.

ही गोष्ट मुलांना परकी वाटण्याचे कारण नाही, कारण मराठीतही असेच घडले आहे. इतिहासाच्या पाठात ‘खलिता’ हा शब्द येतो. खलिता म्हणजे मुळात थैली. राजपत्र थैलीत घालून धाडीत, म्हणून त्या पत्रालाच खलिता म्हणू लागले. ‘पत्र’ या शब्दाची कथाही याच जातीची आहे. पत्र म्हणजे पान. तुळशीपत्र, बिल्वपत्र आणि पळसाच्या पानांची पत्रावळ यांत तो मूळ अर्थ अद्याप जिवंत आहे. ताडपत्रावर व भूर्जपत्रावर लिहीत असत, म्हणून लिहिलेला मजकूर हाच पत्र झाला. ‘तार’ म्हणजे धातूची तार. तिच्यातून येणाऱ्या संदेशालाही तार असेच नाव पडले. भारतातील सार्वजनिक तारसेवा २०१३ च्या जुलै महिन्यात बंद झाली, तरी जुन्या गोष्टींतील ‘तार आली’ या वाक्याचा अर्थ मुलांस सांगावाच लागतो.

या चारही शब्दांची रीत एकच आहे. थैली, पान, तार ही वाहने. निरोप हा त्यांतून येणारा. वाहनाचे नाव निरोपाला मिळाले. हे एकदा मुलांच्या ध्यानी आले, म्हणजे मेल हा शब्द त्यांना पाठ करावा लागत नाही.

थैलीपासून गाडीपर्यंत

आता मेलगाडीच्या प्रश्नाचे उत्तर देता येते. इंग्लंडमध्ये १७८४ साली टपाल नेण्यासाठी ठरावीक वेळेला धावणाऱ्या घोड्यांच्या गाड्या सुरू झाल्या. त्यांतून पत्रांच्या थैल्यांबरोबर थोडे उतारूही नेले जात. या गाड्या वेगाच्या व वेळेच्या पक्क्या असत. त्यांनाही लोक ‘मेल’ म्हणू लागले. आगगाडी आल्यावर थैल्या तिच्यात चढल्या आणि नावही तिच्याबरोबर गेले.

शहापूर तालुक्यातून जाणारा लोहमार्ग १८५५ साली वासिंदपर्यंत, १८६१ साली कसाऱ्यापर्यंत आणि १८६५ साली घाट चढून इगतपुरीपर्यंत पोहोचला. याच मार्गाने पंजाब मेल १९१२ पासून धावत आहे. कसारा येथे घाट चढण्यासाठी अशा गाड्यांना मागून जादा इंजिने जोडली जातात, हे कित्येक मुलांनी प्रत्यक्ष पाहिलेले असेल. अशा गाडीत माणसे बसतात हे खरे. परंतु नाव मात्र त्या थैलीचे आहे.

थैलीचा हा प्रवास पुढेही चालू राहिला. १८ फेब्रुवारी १९११ रोजी अलाहाबादहून नैनीपर्यंत सुमारे ६,५०० पत्रे विमानाने नेण्यात आली. ‘एअर मेल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विमानटपालाचा भारतातील आरंभ तो हाच. १९७१ साली रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर जाळ्यामार्फत संदेश धाडला. पुढे अशा संदेशास ‘ई-मेल’ हे नाव रूढ झाले. त्यात ना कागद, ना थैली. तरीही नाव थैलीचेच राहिले आणि बोलताना ‘ई’ गळून पुन्हा नुसते ‘मेल’ उरले.

केवळ ध्वनीने सारखे शब्द

वरील अर्थ एकाच वेलीची पाने आहेत. पण काही शब्द मेलसारखे ऐकू येतात, तरी त्यांचा या थैलीशी संबंध नाही. ते याच कथेत गुंफू नयेत.

पहिला शब्द अर्जावरील ‘मेल’, म्हणजे पुरुष. देवनागरीत दोन्ही शब्द एकसारखेच लिहिले जातात, त्यामुळे गोंधळ स्वाभाविक आहे. इंग्रजी अक्षरे मात्र निराळी आहेत. टपालाचा मेल एम-ए-आय-एल असा, तर पुरुषवाचक मेल एम-ए-एल-ई असा लिहितात. ही दोन्ही रूपे फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दाखवावीत.

दुसरा शब्द चिलखताचा. १६५९ च्या प्रतापगडाच्या भेटीच्या पाठात मुलांस चिलखत हा शब्द भेटतो. लोखंडी कड्या एकमेकींत गुंफून केलेल्या चिलखतास इंग्रजीत मेल म्हणतात. त्याची अक्षरे टपालाच्या मेलप्रमाणेच आहेत, पण मूळ निराळे. जाळ्यातील छिद्र अशा अर्थाच्या लॅटिन शब्दापासून तो आला. मासे धरण्याचे जाळे पाहिलेल्या मुलास हा संबंध क्षणात कळतो.

तिसरा शब्द ‘ब्लॅकमेल’. धमकीचे पत्र म्हणून हा शब्द झाला असावा, असा समज होणे सोपे आहे. परंतु तो बरोबर नाही. येथील मेल म्हणजे खंड किंवा कर. सोळाव्या शतकात इंग्लंड व स्कॉटलंड यांच्या सीमेवर लुटारूंच्या टोळ्या शेतकऱ्यांकडून ‘लूट करणार नाही’ या बोलीवर खंडणी उकळीत. तिला हे नाव होते. हा ‘मेल’ करार या अर्थाच्या उत्तरेकडील एका जुन्या शब्दापासून आला.

पाठाची मांडणी

१. आरंभी अर्थ सांगू नये. ‘मेल हा शब्द कोठे कोठे ऐकला?’ असे विचारून मुलांची उत्तरे त्यांच्याच शब्दांत फळ्यावर लिहावीत. पाड्यावरच्या बोलीत आलेले उत्तरही तसेच लिहावे.

२. एक कापडी पिशवी व दोनचार पत्रे घेऊन थैलीची कथा सांगावी. खलिता, पत्र व तार यांची उदाहरणे मुलांकडूनच काढून घ्यावीत.

३. फळ्यावरील उत्तरांचे दोन गट करावेत : थैलीच्या कुळातील आणि केवळ ध्वनीने सारखे.

४. व्याकरणाचा एक मुद्दा सांगावा. मराठीत ‘टपाल आले’ म्हणतात, ‘दोन टपाले आली’ असे म्हणत नाहीत. इंग्रजीतही टपाल या अर्थी मेल मोजत नाहीत. एक पत्र सांगावयाचे असल्यास ‘लेटर’ हा शब्द योजतात. संगणकावरील मेल मात्र मोजता येतात.

५. शेवटी पुढील वाक्ये देऊन प्रत्येक ठिकाणी कोणता अर्थ व तो कशावरून, हे विचारावे : ‘मेल अर्धा तास उशिरा कसाऱ्याला पोहोचली.’ ‘अर्जात मेल या शब्दापुढे खूण करा.’ ‘फोटो मेलवर पाठवा.’ ‘कागद मेलने पाठवा.’

यांतील शेवटचे वाक्य मुद्दाम दिले आहे. त्याचा अर्थ वाक्यावरून निश्चित होत नाही. टपालही असू शकेल आणि संगणकही. एखादे मूल म्हणेल, “गुरुजी, हे विचारावे लागेल.” ते उत्तर बरोबर मानून त्याची वर्गात प्रशंसा करावी. जे वाक्यावरून कळते ते वाक्यावरून ओळखणे आणि जे कळत नाही ते न लाजता विचारणे, या दोन्ही गोष्टी वाचनाच्याच आहेत. उद्या घरी एखादा कागद आला आणि आईने “काय लिहिले आहे रे?” असे विचारले, तर हे मूल घाईने एक अर्थ सांगून मोकळे होणार नाही. कागद घेऊन ते कचेरीत जाईल आणि विचारील, “साहेब, कोणत्या मेलने?”