कार्यालयीन प्रिंटर : छपाईचे यंत्र आणि गोपनीयतेची जबाबदारी

बुलढाणा जिल्ह्याचे तेरा तालुके घाटावर आणि घाटाखाली विभागलेले आहेत. सिंदखेड राजा व लोणारपासून जळगाव जामोद व संग्रामपूरपर्यंतच्या पंचायत समित्या, तहसील कार्यालये, शाळा आणि ग्रामपंचायती यांचे दैनंदिन कामकाज आज संगणकावर चालते. जन्म-मृत्यूचे दाखले, वेतन देयके, लाभार्थ्यांच्या याद्या, आधार क्रमांक असलेली कागदपत्रे, चौकशी अहवाल हे सारे अखेरीस एकाच यंत्रातून बाहेर पडते. ते यंत्र म्हणजे प्रिंटर. कार्यालयाचा गोल शिक्का आपण कुलपात ठेवतो, धनादेश पुस्तिकेचा हिशेब ठेवतो. परंतु प्रिंटर मात्र कोपऱ्यातील टेबलावर सर्वांना खुला असतो. ही उपेक्षा महागात पडू शकते.

एका कागदाचे मोल या जिल्ह्याने पाहिले आहे. ३ मार्च २०२३ रोजी बारावीच्या गणित विषयाच्या प्रश्नपत्रिकेची काही पाने सिंदखेड राजा तालुक्यात परीक्षेपूर्वीच समाजमाध्यमावर पसरली. त्या प्रकरणाचा प्रिंटरशी संबंध नव्हता. तथापि गोपनीय कागद वेळेआधी बाहेर गेला, तर हजारो विद्यार्थ्यांच्या परिश्रमांवर संशयाची छाया पडते, हे त्यातून दिसले. मुंबई विद्यापीठासारखी विद्यापीठे आता प्रश्नपत्रिका परीक्षेपूर्वी थोडा वेळ ऑनलाइन पाठवितात व ती केंद्रावरच छापून घ्यावी लागते. अशा व्यवस्थेत केंद्रसंचालकांच्या कपाटाइतकाच त्यांचा प्रिंटरही सुरक्षित असला पाहिजे.

प्रिंटर हाही संगणकच

जाळ्याला जोडलेल्या प्रिंटरला स्वतःची स्मृती, स्वतःचा पत्ता आणि स्वतःचे व्यवस्थापन-पान असते. मोठ्या बहुउद्देशीय यंत्रांत हार्ड डिस्कही असते. छापलेल्या, स्कॅन केलेल्या व प्रती काढलेल्या कागदांच्या प्रतिमा तीत शिल्लक राहू शकतात. कार्यालयातील कोणत्याही संगणकावरील ब्राउझरमध्ये प्रिंटरचा पत्ता लिहिला की ते व्यवस्थापन-पान उघडते. पासवर्ड बदललेला नसेल, तर ते उघडणारी व्यक्ती स्कॅन कोठे पाठवायचे हे बदलू शकते, ई-मेलची पत्तावही पाहू शकते आणि कार्यालयाच्या सर्व्हरचा पत्ता बदलून त्याचा पासवर्ड आपल्याकडे वळवूनही घेऊ शकते. म्हणजे प्रिंटर हा केवळ कागद चोरण्याचा मार्ग नव्हे. सबंध कार्यालयात शिरण्याचा तो मागचा दरवाजा ठरतो.

तीन घटना, तीन बोध

२०१८ च्या अखेरीस जगभरातील अनेक प्रिंटरांतून एका यूट्यूब वाहिनीच्या प्रचाराचे कागद अचानक बाहेर पडले. सुमारे ५० हजार प्रिंटरांवर हा मजकूर पाठविल्याचा दावा करणाऱ्याने केला. त्यासाठी कोणतेही कुलूप तोडावे लागले नव्हते. ते प्रिंटर थेट इंटरनेटवर उघडे होते.

फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या खात्यातून चोरट्यांनी १० कोटी १० लाख डॉलर वळविले. व्यवहारांचे संदेश आपोआप छापणारा प्रिंटर त्या वेळी बंद पाडण्यात आला होता. कर्मचाऱ्यांना तो नेहमीचा बिघाड वाटला आणि मोलाचा वेळ गेला.

तिसरी घटना टाकून दिलेल्या यंत्रांची आहे. न्यूयॉर्कमधील एका आरोग्य विमा संस्थेने भाड्याची छायाप्रत यंत्रे हार्ड डिस्क न पुसताच परत केली. सुमारे ३ लाख ४४ हजार व्यक्तींची माहिती त्यामुळे उघड झाली असावी, असा अंदाज करण्यात आला आणि २०१३ मध्ये संस्थेला १२ लाख डॉलरहून अधिक रक्कम भरावी लागली.

करावयाची कामे

पहिले काम पासवर्डाचे. कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. २०२५ मध्ये असे आढळले की काही प्रिंटरांचा मूळ पासवर्ड त्यांच्या अनुक्रमांकावरून काढता येतो. आधीच विकल्या गेलेल्या यंत्रांतील हा दोष केवळ फर्मवेअरने पूर्णपणे जात नाही. पासवर्ड बदलणे हाच उपाय उरतो. नवा पासवर्ड प्रिंटरवर चिकटवू नये. तो बंद लिफाफ्यात कार्यालय प्रमुखांकडे असावा, म्हणजे बदली झाली तरी काम अडत नाही.

दुसरे काम जोडणीचे. प्रिंटर इंटरनेटवरून दिसता कामा नये. राउटरमधून त्याच्याकडे बाहेरून येणारी वाट बंद ठेवावी. अभ्यागतांना वायफाय द्यावयाचे असल्यास त्यांचे जाळे वेगळे करावे. ज्या लहान ग्रामपंचायतीत एकच संगणक आहे, तिला जाळ्यावरील प्रिंटरची गरज नाही. प्रिंटर केबलने संगणकास जोडून त्याचे वायफाय व थेट मोबाइल जोडणी बंद करावी. बिनखर्चाचा हा उपाय सर्वांत परिणामकारक आहे.

तिसरे काम अनावश्यक सुविधा बंद करण्याचे. न वापरली जाणारी फाइल देवाणघेवाण, दूरस्थ व्यवस्थापन आणि जुन्या पद्धतीच्या जोडण्या बंद कराव्यात. व्यवस्थापन-पान सांकेतिक स्वरूपात, म्हणजे एचटीटीपीएसनेच उघडेल, अशी योजना करावी. फर्मवेअरची नवी आवृत्ती आली आहे का, हे तिमाहीतून एकदा उत्पादकाच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहावे.

चौथे काम कागदाचे. अनेक कार्यालयीन प्रिंटरांत पिन दिल्याशिवाय कागद बाहेर न येण्याची सोय असते. गोपनीय कामासाठी ती वापरावी. ही सोय नसेल, तर छपाईच्या वेळी संबंधिताने यंत्राजवळ उभे राहावे आणि खराब निघालेल्या प्रती फाडून नष्ट कराव्यात. पाठकोरे कागद काटकसरीचे असले, तरी ज्यावर आधार क्रमांक वा बँक खाते आहे असा कागद पाठकोरा म्हणून वापरू नये.

पाचवे काम निर्लेखनाचे. यंत्र जडवस्तू नोंदवहीतून कमी करताना, लिलावात देताना किंवा भाड्याचे यंत्र परत करताना साठवण पुसून टाकावी. ते शक्य नसल्यास हार्ड डिस्क काढून घ्यावी. तशी नोंद निर्लेखनाच्या प्रस्तावात असावी. दुरुस्तीसाठी यंत्र बाहेर पाठवितानाही हीच दक्षता घ्यावी.

संशय आल्यास

कोणी न पाठविलेला कागद निघाला, पत्तावहीत अनोळखी पत्ता दिसला, अथवा यंत्र वारंवार अकारण बंद पडू लागले, तर प्रथम त्याची जाळ्याची जोडणी काढावी. ते लगेच मूळ स्थितीत आणू नये. पुरावा नाहीसा होतो. निघालेले कागद व वेळेची नोंद जपून वरिष्ठांना आणि तांत्रिक विभागास कळवावे. सर्ट-इन या राष्ट्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अनधिकृत प्रवेशासारख्या घटनांची खबर शासकीय संस्थांनीही, घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत देणे आवश्यक आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६ अन्वये अप्रामाणिकपणे केलेल्या अनधिकृत प्रवेशास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

या कामांना मोठी तरतूद लागत नाही. जबाबदार व्यक्ती मात्र लागते. प्रत्येक कार्यालयाने एका कर्मचाऱ्यावर प्रिंटरची जबाबदारी लेखी सोपवावी आणि मासिक बैठकीत तिचा आढावा घ्यावा. दाखल्यासाठी दारात आलेला नागरिक आपले नाव, वय, जात आणि उत्पन्न विश्वासाने आपल्या हाती देतो. तो कागद फक्त त्याच्याच हाती पडेल, याची हमी देणे हाही लोकसेवेचाच भाग होय.